दोरी घेऊन निघून गेलेले आबा

आधी आबांचं सांगून टाकतो, कारण ते नसते तर बाकीचं सांगायला मी उरलो असतो की नाही, माहीत नाही. आबा माझ्या नात्यातले नव्हेत. ते अमळनेरकडचे. अर्धं आयुष्य सुरतेत, लिंबायतच्या पॉवरलूमवर गेलेलं, मागांच्या खडखडाटानं कान निम्मे बहिरे झालेले. कारखाना बंद पडल्यावर ते पाण्यातल्या कामांचे ठेके घेणाऱ्या आमच्या शेठकडे आले आणि माझी दोरी धरू लागले. त्यांना पोहता येत नव्हतं. परक्याच्या कुत्र्याकडे बघावं तसे ते पाण्याकडे बघायचे, बेतानं आणि लांबून.

माझं गाव मालवणच्या खाली, किनाऱ्यावर. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवणाऱ्या बोटीवर टाक्या उचलायला लागलो, मग हळूहळू स्वतः उतरायला शिकलो. पावसाळ्यात ते काम बंद असतं. अशाच एका पावसाळ्यात शेठनं मला सुरतेला आणलं आणि मी इथलाच झालो. नदीतून कारखान्यासाठी पाणी ओढणारे पंप असतात, त्यांच्या तोंडाशी तळाला लोखंडी जाळी असते. तिच्यात जलपर्णी, पिशव्या, साड्यांच्या चिंध्या अडकतात. ते सगळं हातानं काढायचं, हेच माझं काम. आमच्या समुद्रात मला माझे पाय दिसायचे. तापीच्या त्या पाण्यात डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही. सगळं चाचपून करायचं. पंप बंद असतो तेवढ्यातच उतरायचं, आणि वरच्या माणसांशी संबंध एवढाच, की कमरेला दोरी. एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे ढील द्या. हिसक्यांवर हिसके म्हणजे ओढा.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारायची, "जेवलंस मां? काम खयचा करतंस?" मी म्हणायचो, पंपावर आहे. तिला वाटायचं, पेट्रोल पंप.

भानगड रेग्युलेटरनं सुरू केली. टाकीत हवा भयंकर दाबानं भरलेली असते. ती माणसाच्या छातीला सोसेल इतकी मऊ करून तोंडात देणारं हे यंत्र. आबा त्याला 'नळी' म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात ते जड झालं. हवा यायची, पण ओढून घ्यावी लागायची, घट्ट मिल्कशेक बारीक स्ट्रॉनं ओढावा तशी. वर उभं असताना त्याचं काही वाटत नाही. खाली अंधारात, दोन्ही हात जाळीत गुंतलेले असताना, प्रत्येक श्वासाला मनात यायचं, की पुढचा मिळणार ना? खोलीवर आलो की मी टाकी जोडून भिंतीशी बसायचो आणि नुसता श्वास घेऊन बघायचो. खोलीतले ओरिसावाले हसायचे, "मच्छी हुक्का पी रहा है."

सुरतेत असं यंत्र दुरुस्त करणारं कोण आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण करून देतो म्हणणारे जागोजागी होते. कॉम्प्रेसरच्या गॅरेजवाल्यानं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "थई जशे." हायड्रॉलिक पाइपवाला म्हणाला, "थई जशे, टेन्शन नहि." हिरे घासायची चाकं, म्हणजे घंट्या, दुरुस्त करणाऱ्या एकानं तर पाना उचललासुद्धा. मी घाईघाईनं काढून घेतलं. नाही म्हणणारा एकच भेटला. हजिऱ्याच्या रस्त्यावर, कारखान्यांतले धुराचे मास्क आणि त्यांच्या टाक्या तपासणारा. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं माझं यंत्र पाहिलं, पण हात लावला नाही. "ये पानीवाला है. इसका सामान मेरे पास नहीं है. मैं खोलूँगा नहीं." मला त्याचा रागच आला. शहरभर सगळे होईल होईल म्हणतात आणि हा एकटा शिष्ट!

शेठला सांगितलं, गोव्याला किंवा मुंबईला पाठवायला लागेल. तो म्हणाला, "पाठव ना. पण रविवारचं काम करून पाठव." पंप फक्त रविवारी बंद होणार होते. जाळी साफ झाली नाही तर कारखाना दुसऱ्याला बोलावणार, हे त्यानं दोनदा ऐकवलं. मला बाकी काही येत नाही. ना माग चालवता येत, ना हिरे घासता येत. मी मान हलवली.

माझ्या खोलीत आम्ही सातजण, कुलूप कुणी लावत नाही. म्हणून सामान मी गोडादऱ्याला आबांकडे ठेवायचो. त्यांच्या घरात रेग्युलेटर देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असायचा, आणि काकू रोज त्याच्यावरची धूळ पदरानं पुसायच्या.

रविवारी सकाळी आम्ही नदीवर पोहोचलो. पंप थांबले होते, त्यामुळे एकदम शांत वाटत होतं. मी टाकी जोडली, यंत्र तोंडात धरलं, श्वास घेतला. हलका! कित्येक आठवड्यांत इतका हलका आला नव्हता. पुन्हा घेतला, तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मी शेठला ओरडून सांगितलं, "बरा झाला! आपोआप बरा झाला!"

आबा दोरी सोडवत होते. त्यांचा चेहरा फुलला. "आपोआप कसा व्हई? तेल टाकं ना मी. काल संध्याकाळले. शिवणना मशीनना तेलना थेंब, दोन्ही तोंडे खोलीसन. आते दख, कशी गोड चालस ते."

मी यंत्र तोंडातून काढलं. नाकाशी नेलं. वास होताच. पण आमच्या त्या वस्तीत शर्टाला, पाण्याला, डब्यातल्या पोळीलाही तेलाचा वास असतो. नाक त्याची नोंद घेणं कधीच सोडून देतं. आबांची चूक म्हणवत नाही. सुटीच्या दिवशी मागाला तेल द्यायचं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. कोरडं यंत्र म्हणजे आजारी यंत्र. जड चालतं? तेल दे. लिंबायतमध्ये कुणालाही विचारा, हेच सांगेल.

पण मला मालवणात पहिल्याच आठवड्यात बजावलेलं होतं. याच्या आत रबराच्या पातळ चकत्या असतात. मशीनच्या तेलानं रबर फुगतं, चिकटतं. मग झडप उघडी राहील की मिटून बसेल, हे कुणी सांगू शकत नाही. आणि जी हवा येईल तिच्याबरोबर तेल छातीत जातं ते वेगळंच.

मी आबांना हे सांगितलं. हळूच, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. वर आणखी म्हणालो, "पण एका डुबकीला चालेल."

शेठनं ऐकलं. "अरे, तेल से क्या होता है? सुरत में आदमी तेल ही तो खाता है. उतर ने, भाई! पंप चालू थई जशे."

मी उतरणार होतो, हे खरं आहे. पट्टे आवळले होते, एक पाय पायरीवर होता. भीती वाटत असतानाही माणूस पायऱ्या उतरतोच. माझ्यासारखा तर नक्की उतरतो. नोकरी गेली तर गावी कुठल्या तोंडानं जायचं, हा विचार रबरापेक्षा मोठा होता.

आबांनी कानामागे हात धरला. "काय म्हनना तू? एक डुबकीले चालीन?"

"हो आबा."

"आनि नई चालनं ते?"

मी आवळलेला पट्टा पुन्हा आवळला.

"मी वरतून हिसका देसू," ते म्हणाले, "आनि तुना हिसका येवाव नई. मंग मी काय करू? मले ते पोहताबी येत नई."

असं म्हणून त्यांनी माझ्या कमरेची गाठ सोडली. मी बघतच राहिलो. दोरी कोपरावर गुंडाळत गेले, बाजारातून आणलेली सुतळी गुंडाळावी तशी, सावकाश. शेठ ओरडला, "काका, क्या कर रहे हो?" आबा म्हणाले, "मी दोरी धराव नई."

"मत पकड़ो! पंपवाला पकड़ेगा."

"पकडू दे. त्यानी दोरी आन म्हना. ही मनी शे."

दोरी खरंच त्यांची होती. शेठची जुनी दोरी झिजली तेव्हा त्यांनी ओळखीच्या कारखान्यातून ही आणली होती. गुंडाळी खांद्यावर टाकून ते चढ चढायला लागले. शेठ मागून शिव्या घालत धावला, चप्पल चिखलात अडकली, पुन्हा मागे फिरला. आबांना शिव्या ऐकू आल्या नसतील, किंवा आल्या असतील. फाटकाशी पोहोचल्यावर त्यांनी मागे वळून मला हाक मारली, "चाल रे भो! उभा काय ऱ्हायना? भिजाले?"

दोरीशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही, ही एक गोष्ट मी कधी मोडली नव्हती. शेठलाही ठाऊक होतं. दुसरी दोरी तिथं नव्हती. मी पट्टे सोडले. टाकी उचलली आणि त्यांच्या मागे निघालो.

आम्ही रिक्षा केली. मध्ये टाकी, आबांच्या मांडीवर दोरी. मग ते म्हणाले, "कोनी नई म्हने व्हतं का तुले? एवढा दुकानदारमा?"

मी मास्कवाल्याचं सांगितलं.

"मंग त्यानाकडेच चाल. जो नई म्हनस, त्याले काहीतरी ठाऊक व्हई."

रविवार असूनही त्याचं दुकान अर्धं उघडं होतं. या वेळी आबांनी स्वतः यंत्र पुढं केलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, "साब, मैंने तेल डाला. मेरी गलती है. ये लड़का नीचे जाता है." त्या माणसानं चष्मा डोळ्यांवर घेतला, आबांकडे जरा वेळ बघितलं. म्हणाला, गोव्यात त्याच्या ओळखीचा एकजण फक्त हीच यंत्रं करतो. त्याचं पार्सल जाणारच आहे, त्यात घालतो. मला म्हणाला, "वापस आने तक पानी में नहीं जाना. समझे?" मी "समझा" म्हणालो. एवढ्या मोठ्या गावात मला पाण्यात जाऊ नको म्हणणारी दोन माणसं एकाच दिवशी भेटली होती.

काही दिवसांनी गोव्याहून फोनवर फोटो आला. आतली चकती निघालेली, कडेनं फुगून वर आलेली, नको तिथे चिकटून फाटलेली. खाली त्या माणसानं विचारलं होतं, हे घालून कुणी उतरलं होतं का? मी लिहिलं, नाही. मग फोन खाली ठेवला आणि बाहेर जाऊन ओटीवर बसलो. 

जाळीचं ते काम दुसऱ्याकडे गेलंच. शेठनं मला महिनाभरात परत बोलावलं, कारण गढूळ पाण्यात उतरणारी माणसं इथे फार नाहीत. आबांना नाही बोलावलं. दोरी धरणारी माणसं पुष्कळ मिळतात, असं तो म्हणाला. मी आबांचं नाव काढलं, तर म्हणाला, तो माणूस काम अडवतो.

आबा आता कामरेजला एका गोदामाच्या फाटकावर बसतात. मी मध्यंतरी गेलो होतो. त्यांनी दुरुस्त होऊन आलेली नळी बघायला मागितली, कानाशी धरली, मग कसनुसं हसून परत दिली. "मी हात लावाव नई भो."

मी शेठ होईन की नाही, कुणास ठाऊक. आठवी नापास माणसानं असं बोलू नये. पण कधीतरी माझी स्वतःची दोन टाक्यांची का होईना, टोळी होईल. त्या दिवशी आबांना मी कामरेजहून घेऊन येणार आहे. उतरायचं की नाही, हा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी नाही म्हटलं, तर वरून कुणीही ओरडो, त्या दिवशी कुणीही पाण्यात जाणार नाही. मीसुद्धा.