गोराईच्या सुरूबनातली कोरडी झोप

परवा भाचीचा फोन आला. "मामा, मैत्रिणींबरोबर हॅमॉक घेऊन रानात झोपायला चाललेय. पाऊस, थंडी, ऊन, तिन्हीत चालेल असा वर ताणायचा टार्प सांग ना. तू कॉलेजात असताना गोराईला जायचास ना?"

जायचो कसला, एकदाच गेलो. ऐंशीच्या दशकात, नारळी पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी. फोनवर तिला जे सांगता आलं नाही, ते इथे लिहितोय. टार्पची माहितीही मिळेल, घाबरू नका.

खूळ माझंच. बोरिवलीच्या रद्दीवाल्याकडे एक विलायती मासिक मिळालं. त्यात दोन झाडांमध्ये जाळीचा झोपाळा, वर ताणलेलं कापड आणि आत पुस्तक वाचत पडलेला गोरा माणूस. मी ते वर्गातल्या हरेशला दाखवलं. हरेश मढचा कोळी, माझा जिगरी दोस्त. "हे काय, जाळंच आहे. बाबा करून देतील," म्हणाला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्याचे बाबा दिवसभर ओटीवर बसून जाळी दुरुस्त करायचे. त्यांनी जुन्या जाळ्याच्या दोरातून आम्हाला दोन झोपाळे विणून दिले. माझी उंची विचारून माझा वीतभर लांब केला. "तू ताडमाड आहेस रं, पाय बाहेर येतील," म्हणाले. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

राहिलं वरचं छप्पर. मी तीन प्रकार तपासले. पहिलं निळं मेणकापड, जे पावसाळ्याआधी दुकानात मीटरवर मिळतं आणि अर्धी उपनगरं घरावर टाकतात. हलकं आणि स्वस्त. सोसायटीच्या गच्चीवर टाकी आणि अँटेनाच्या खांबाच्या मध्ये बांधून मी त्यावर बादल्या ओतल्या. "वाळवणाची जागा आहे ती, मेल्या!" आई खालून ओरडली. दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने त्याचा कोपरा फाटला. मी त्याला नापास केलं. दुसरी ट्रकवर टाकतात ती जाड ताडपत्री. पाणी थेंबभर येत नाही, पण भिजली की दोघांनी उचलावी लागते. ती घेऊन वाळूतून कोण चालणार?

तिसरी मढला होती, हरेशच्या होडीवर. त्याच्या मामाने बोटीवरच्या नोकरीतून आणलेली, दहा बाय बारा फूट, रबरासारखी मऊ, कडेला पितळी कड्या. झकास माल! बाकी होडी झावळ्यांनी शाकारलेली, आणि इंजिनावर फक्त ही. नारळी पौर्णिमेला पूजा झाली, दर्याला नारळ दिला, की मगच ही ताडपत्री निघायची. तोवर तिला कोणी हात लावत नसे.

"दोन दिवस दे ना यार," मी म्हणालो.

"नाय रे. बाबांनी इंजिन उघडून ठेवलंय."

"मग मी आणलंय ते मेणकापड टाकू वर. तेवढ्यापुरतं. उद्या दुपारी परत."

हरेश होडीभोवती एक चक्कर मारून आला. त्याचे बाबा इंजिनाचा एक भाग आणायला शहरात गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. शेवटी त्याने गाठी सोडल्या. माझ्या डोक्यावर चालत नव्हतं ते मेणकापड मी त्याच्या होडीवर टाकलं, वर चार दगड ठेवले. मला काहीच वाटलं नाही. खरं सांगतो, काहीच नाही.

मढहून मार्वेपर्यंत बस, तिथून तरीच्या होडीने खाडी ओलांडून मनोरी, पुढे गोराईपर्यंत पायी. वाटेत एका आजीने चुलीवरची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली, दोघांचं पाच रुपयांत पोट भरलं. सुरूच्या झाडांत झोपाळे एकाखाली एक बांधले. हरेशच्या बाबांनी शिकवलेलं तुम्हालाही सांगतो. ताडपत्री मांडवासारखी सपाट ताणू नका, पोटात पाणी साचतं. मधे दोर घाला, कडा उतरत्या ओढा. आणि झोपाळ्याच्या दोरीला दोन्हीकडे चिंधी बांधा, म्हणजे झाडावरून ओघळणारं पाणी चिंधीवरून खाली गळतं, अंगाशी येत नाही.

वारा सुटला, पाऊस कोसळला. आमच्यावर थेंब नाही. मी ढाराढूर झोपलो. सकाळी उठलो तर हरेश खाली ओल्या वाळूवर बसलेला, दर्याकडे बघत. "चल लवकर," एवढंच म्हणाला. गोराईहून मला तरीने थेट बोरिवलीला घरी जाता आलं असतं. पण ताडपत्री पोचवायची होती म्हणून गेलो त्याच्याबरोबर. माझ्या बाजूने बोलण्यासारखी तेवढीच गोष्ट आहे.

मढला बाबा होडीत उभे होते, डब्याने पाणी उपसत. मेणकापडाच्या चिंध्या शेजारच्या माडाला लटकत होत्या. उघड्या इंजिनात वाऱ्याने दर्यावरून उडवलेलं खारं पाणी आणि वाळू.

"ताडपत्री कोनी काढली रं?"

"मीच," हरेश म्हणाला.

ताडपत्रीची गुंडाळी माझ्या खांद्यावर होती. 'काका, मी मागितली' एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडलं नाही माझं. बाबांनी गुंडाळी उतरवून घेतली आणि म्हणाले, "तुम्ही जा घरी. आई वाट बघत असेल." तोवर कधी त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं.

नारळी पौर्णिमेला मढच्या साऱ्या होड्या पाण्यात उतरल्या, त्यांची राहिली. हे मला वर्गातल्या दुसऱ्या एकाने सांगितलं, मी गेलोच नव्हतो. शेवटच्या वर्षाला हरेश कॉलेजात आला नाही. वर्सोव्याच्या एका होडीवर खलाशी म्हणून लागला होता. मढ तासाभरावर. जाईन जाईन म्हणत चाळीस वर्षं गेली. बाबा आता नाहीत, हेही तसंच कुणाकडून तरी कळलं.

झोपाळा अजून माळ्यावर आहे, वीतभर लांब. जाळं कुजत नाही, नायलॉन आहे. मी तो पुन्हा बांधला नाही.

भाचीला म्हटलं, "दहा बाय बाराचा घे, कड्या पक्क्या बघ, आणि कोणाचा मागून नेऊ नकोस. स्वतःचा घे."

"हायजीन म्हणून ना, मामा?"

मी हो म्हणालो. मढला होडीपाशीही खरं बोलायला तोंड उघडलं नव्हतं.