हालग्रिमच्या गोठ्याशी थांबलेला तांडा

आता बोगदा झालाय. डोंगराच्या पोटात गाडी घातली की रेडिओवरचं एक गाणं संपायच्या आत पलीकडच्या खोऱ्यात बाहेर. सोय झाली हे कोण नाकारतो? पण पूर्वी स्टोरहेईचा डोंगर ओलांडणारी माणसं एकमेकांना नावानं ओळखायची, आणि आज शेजारच्या गाडीत कोण बसलंय हे बघायलाही कुणी मान वळवत नाही. बोगद्याची फीत कापायला आलेल्या साहेबांनी भाषणात हालग्रिमचं नाव घेतलं नाही, म्हणून ते इथं घ्यायचं.

हालग्रिम नांगर चालवायचा. शेतातला नव्हे, बर्फातला. ट्रकच्या तोंडाला माणसाच्या छातीएवढं लोखंडी पातं. वारा सुटला आणि रस्ता दिसेनासा झाला की डोंगराच्या पायथ्याचं फाटक पडायचं. गाड्या रांगेत थांबायच्या, आणि मग हालग्रिमच्या नांगरामागून सगळा तांडा एकदम वर चढायचा. शेपटाला तुरिदची पिवळी गाडी. कुणी मागं राहू नये, हे तिचं काम.

निघण्याआधी तुरिद प्रत्येक काचेवर टकटक करायची. "फावडं आहे? कोट आहे? टाकीत पेट्रोल आहे? मग नीट ऐका. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे सोडायचे नाहीत. थांबायचं नाही, पुढं घुसायचं नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"आणि पुढचा दरीत गेला तर?" एखादा शहरी विचारायचाच.

"तर तुम्हीही जायचं. एकट्यानं मागं राहून गोठण्यापेक्षा सोबत बरी!"

तांड्याच्या पुढं मात्र कुणाचेच दिवे नसत. हालग्रिमला दिसायच्या त्या फक्त खुणेच्या काठ्या. दर शरद ऋतूत, जमीन गोठायच्या आत, तो आणि तुरिद रस्त्याच्या उजव्या कडेनं माणसाच्या दुप्पट उंचीच्या, तांबड्या टोकाच्या काठ्या रोवत जायचे. पुढं सगळा हिवाळा या काठीवरून त्या काठीवर नजर टाकत जायचं, एवढाच काय तो रस्ता.

ज्या वर्षाची ही गोष्ट, ते डोंगरावरच्या रस्त्याचं शेवटून दुसरं वर्ष. हालग्रिमनं साठी ओलांडली होती. आदल्या हिवाळ्यात त्यानं पुलाचा कठडा पात्यानं खरवडला होता. रस्तेखात्याचा साहेब दारात उभ्या उभ्या म्हणाला होता, "हालग्रिम, आणखी एक चूक झाली की नांगर दुसऱ्याकडे."

हे हालग्रिमला झोंबलं होतं. बापानं घोड्यांनी ओढायचा लाकडी नांगर याच डोंगरावर चालवला होता. एक हिवाळा, फार तर दोन, मग बोगदाच येणार होता. तेवढे दिवस तरी त्याला तांड्याच्या पुढंच बसायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

त्या दिवशी दुपारीच आभाळ आणि जमीन एक झाली. तांड्यात पावाची गाडी, माशांचा ट्रक, अर्धी भरलेली बस आणि पाद्री एलिंग्सेन यांची जुनी व्होल्वो, शिवाय चार-पाच गाड्या. पाद्रीबाबांना पलीकडे लग्न लावायचं होतं. काचेवर बर्फाचा मारा असा, की जणू कुणी मुठीमुठीनं पीठ फेकतंय. हालग्रिम नाक काचेला लावून चालला होता. एक काठी, दुसरी काठी, मग आणखी एक. वळण यायला हवं होतं, ते आलं नाही. काठ्या मात्र येत होत्या. तो काठ्यांमागं जात राहिला.

मग समोर एक तांबडी भिंत उभी राहिली. त्यानं ब्रेक दाबला. भिंतीला दार होतं, आणि दारावर त्यानं स्वतः ठोकलेला घोड्याचा नाल.

हा त्याचा स्वतःचा गोठा होता.

मागून एकेक गाडी अंगणात शिरली आणि शिस्तीत एकामागं एक थांबली. पुढचे दिवे सोडायचे नाहीत, म्हणजे नाहीत! शेवटी तुरिदची पिवळी गाडीही आली. कुत्रा वेड्यासारखा भुंकत सुटला. दारात बोर्गिल्ड, त्याची बायको, हातात पीठ, तोंड उघडं.

"येताना पाहुणे आणीन म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "मी बटाटे जास्त टाकले असते."

हालग्रिमला एका क्षणात सगळं उमगलं. यंदा रस्त्याच्या काठ्या उरल्या होत्या. फुकटच्या काठ्या टाकवेनात, म्हणून त्यानं त्या आपल्याच घराच्या वाटेवर रोवल्या, पोस्टमनला वाट सापडावी म्हणून. रस्ता डावीकडे वळला, काठ्या सरळ घरी आल्या. आणि त्याच्या डोळ्यांना तो फरक कळला नाही.

माणसं उतरली, हात चोळत. बसमधल्या एका आजींनी त्याचा हातच धरला. "बरं केलंस हो! वर माळावर अडकलो असतो तर मेलोच असतो."

"काय वारा, काय वारा!" पाववाला म्हणाला. "तू वेळेवर आत घेतलंस."

हालग्रिमनं टोपी कानांवर ओढली. तुरिदनं त्याच्याकडे पाहिलं. ती सगळं ओळखून होती.

बोर्गिल्डनं कोबी घातलेलं मटणाचं पातेलं मोठ्या चुलीवर चढवलं. पाववाल्यानं पाव उतरवले. माणसं पायऱ्यांवर, लाकडाच्या ढिगावर, शिवणयंत्रावर, मिळेल तिथं बसली. पाद्रीबाबांनी हात जोडले आणि सगळे गप्प झाले.

"प्रभो, या अन्नासाठी तुझे आभार. आणि तुझा सेवक हालग्रिम याला तू जी दूरदृष्टी दिलीस, जिच्यामुळे आम्ही आज…"

"थांबा!" हालग्रिम ओरडला. प्रार्थना मध्येच तोडायची रीत त्या घरात नव्हती. बोर्गिल्डच्या हातून डाव पडला. "पाद्रीबाबा, देवाला खोटं सांगू नका. कसली दूरदृष्टी? मला समोरची दृष्टी नाही. मी वळण चुकलो. माझ्याच काठ्यांनी मला घरी आणलं, आणि मागून तुम्हाला."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मग माशांच्या ट्रकवाल्याला हसू फुटलं, त्याच्या मागोमाग आजींना, आणि मग सगळं घर हसत सुटलं. हालग्रिम मात्र हसत नव्हता. कानापर्यंत लाल झाला होता.

पाद्रीबाबा म्हणाले, "बरं. तर प्रभो, मटणासाठी आभार," आणि चमचा उचलला.

तेवढ्यात अंगणातल्या नांगरात वायरलेस खरखरला. तुरिद धावली, मागून हालग्रिम. खात्यातून साहेब विचारत होता, तांडा कुठं आहे?

तुरिदनं माइक हातानं झाकला. "वारा वाढला, आडोशाला थांबलोय, एवढंच सांगते. यात एक शब्द खोटा नाही. तुझं नाव कशाला मध्ये?"

हालग्रिमनं हात पुढं केला. "दे इकडं."

"मूर्खपणा करू नकोस, म्हाताऱ्या. नांगर जाईल."

"दे म्हणतो ना!"

त्यानं सगळं सांगितलं. काठ्या, वळण, गोठा. साहेब बोलायला लागला तसा यानं त्याला अडवलं. "तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पुढं तुरिद बसेल. तिचे डोळे चांगले आहेत. जीभ खराब आहे, पण नांगराला जीभ लागत नाही."

मग साहेब म्हणाला, "ठीक आहे. आणि त्या काठ्या उपट."

उजेड सरता सरता वारा पडला. हालग्रिमनं अंगण नांगरून गाड्यांना वळायला जागा केली. मग तो खाली उतरला आणि किल्ली तुरिदच्या हातावर ठेवली. तिनंही मुकाट्यानं पिवळ्या गाडीची किल्ली त्याला दिली. त्या छोट्या गाडीत त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते.

इतके हिवाळे त्यानं तांडा नेला होता, पण मागून कधी पाहिला नव्हता. समोर निळसर अंधारात तांबड्या दिव्यांची माळ चढत होती, वळणावर वाकत होती, पुन्हा सरळ होत होती. सगळ्यात वर नांगराचा पिवळा दिवा फिरत होता, आणि पात्यावरून उडणारा बर्फ त्यात चमकत होता. बापानं हे कधी पाहिलं असेल का, असं त्याच्या मनात आलं. चढावर गाडी मागं पडू नये म्हणून त्यानं हलकेच गिअर बदलला.

वायरलेसवर तुरिदचा आवाज आला. "मागं सगळे आहेत ना?"

"आहेत. आणि तू जरा हळू. रस्ता तुझ्या बापाचा नाही."

"माझ्या बापाचा नसेना का. तुझ्या गोठ्याकडे जात नाही, एवढं मला दिसतंय."

आता मात्र हालग्रिम हसला. एवढा, की काचेवर वाफ धरली आणि पुसायला हातमोजा काढावा लागला.