धुरावरचा वाटा

कोपरीतल्या आमच्या घरात चुलीच्या वर कामट्यांची एक ताटी टांगलेली असायची. मिठागरावर राबणारी माणसं आम्ही. जे टिकवायचं ते एकतर मिठात, नाहीतर धुरात. मटण धुरावर धरायचं काम कायम आयचं. मी त्याला कधी हात लावला नव्हता, आणि एकदाच लावला तो लावला नसता तर बरं झालं असतं.

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, विषमज्वर झालेला. तो जगत नाही असंच सगळे म्हणत होते. आयने डोंगरावरच्या देवीला बोकड बोलला, आणि दादा वाचला. अंगात ताकद आली तसा उरणकडच्या मिठागरावर कामाला गेला. चैत्रात जत्रा करून आल्यावर अंगणात बोकड कापला, तेव्हा त्याला मुकादमाने सोडलाच नाही. आमच्या घरची रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस बोलला त्याच्या तोंडी वाटा पडल्याशिवाय नवस फिटत नाही. म्हणून आयने मांडीचं मटण त्याच्यासाठी बाजूला काढलं. तो येणार पावसाच्या तोंडावर, मिठागर बंद झालं की. म्हणजे दोनेक महिने ते टिकायला हवं होतं.

आय स्वतः रोज उजाडायला टोपली घेऊन मिठावर जायची. मला म्हणाली, "या वक्ताला तू कर गो. बोटाएवढ्या पट्ट्या काप. मीठ लावून दगडाखाली दाब, पाणी निथळू दे. मंग तीन दिवस खाडीतल्या तिवराच्या लाकडांचा धूर. आग नको, धूर पायजे."

"कळतं मला," मी म्हटलं. डोंबल कळत होतं!

अठरा वर्षांची होते. जीभ हातभर, काम वीतभर. पट्ट्या कापायला बसले तर वाटलं, दादा महिन्यांनी घरी येणार आणि त्याच्या ताटात काय या चिंध्या वाढायच्या? मी मुठीएवढे तुकडे केले. मीठ मात्र ओंजळीने चोळलं. मिठागरवाल्यांच्या घरात मिठावर फार विश्वास. मीठ लावलं की काही नासत नाही, असं धरून चाललेले मी. ते वरच्यावरच राहतं, आत शिरायला तुकडा पातळ लागतो, हे ध्यानातच आलं नाही.

त्यात विठ्ठलवाडीला मैत्रिणीची हळद होती. तीन दिवस चुलीपुढे खोकत कोण बसणार? स्टेशनाच्या कडेला रुळांखालच्या जुन्या, डांबर प्यायलेल्या स्लीपरांच्या ढलप्या पडलेल्या असायच्या. आम्ही सगळेच त्या आंघोळीचं पाणी तापवायला आणायचो. स्वयंपाकाला कुणी वापरत नसे. मी वापरल्या. धूर असा काळाकुट्ट निघाला की बस! दुपारभरात तुकडे वरून कोळशासारखे झाले. मी हात धुतले, वेणी घातली आणि हळदीला गेले.

संध्याकाळी आय म्हणाली, "लवकर काळं झालं गो." मी म्हटलं, "धूर चांगला धरला." तिचा माझ्यावर विश्वास होता. तिने हात लावून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ताटीखालून जाताना वास आला. एक तुकडा दाबला तर बोट आत गेलं. आत कच्चं, आणि अळ्या. नवसाचा वाटा! आय संध्याकाळी येणार, तिला काय सांगू?

सांगायचं होतं ते हेच, की आय, मी नासवलं. फार तर चार शिव्या दिल्या असत्या, एक धपाटा घातला असता, आणि पुढच्या जत्रेला पुन्हा बोकड दिला असता. पण माझी जीभ, जी एरवी आवरत नसे, ती नेमकी तेव्हा टाळूला चिकटली. सगळं खाडीत टाकून आले. स्टेशनाजवळच्या खाटकाकडून मांडीचं मटण आणलं. बोटाएवढ्या पट्ट्या, मीठ, दगड, तिवराचा धूर, सगळं आयने सांगितलं तसं. तीन दिवस आय मिठावरून येईपर्यंत जागची हलले नाही, डोळे सुजले. वर केळीची पानं टाकून ठेवली आणि आयला म्हटलं, माश्या बसतात.

इतकं सुरेख जमलं ते! त्याचाच मला अजून राग येतो.

दादा आला. आयने पट्ट्या भिजवून, वाटण लावून रस्सा केला आणि त्याच्यापुढे बसून राहिली. तो बोटं चाटत म्हणाला, "आये, तुझी सुट्टी झाली आता. ही तुझ्यापेक्षा भारी करते." आयने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "पोचला गो वाटा," म्हणाली. मी भांडी घासायला मागच्या दारी गेले.

भाद्रपदात दादाला पुन्हा ताप भरला. आठव्या दिवशी तो गेला.

ताप काही मटणामुळे आला नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आयला कुठे कळत होतं? ती एकच विचारायची, "नवस फेडला, वाटा तोंडात घातला, मंग कशाला नेला त्याला?" देव्हाऱ्यातला देवीचा टाक तिने उचलला आणि तांदळाच्या कणगीत खुपसला. पुन्हा डोंगर चढली नाही. बायका जत्रेला बोलवायला येत, ही दार लावून घेई. नवस फिटलाच नव्हता एवढं एक वाक्य मी बोलले असते, तर तिला तिची देवी परत मिळाली असती. पण मग मी तिला कुठे उरले असते? खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर न खाता खवखवत राहिले.

माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. चार-पाच वर्षांनी आय अंथरुणाला खिळली तशी तिला माझ्याकडे आणली. एका सकाळी तिला पेज भरवत होते. तिने माझं मनगट धरलं. मनाशी म्हटलं, आता सांगते. तोंड उघडलंसुद्धा.

तीच आधी बोलली. "तुझ्या हातचं पोटभर खाऊन गेला गो तो. देवी खोटी निघाली. तू तेवढी खरी."

मी चमचा तिच्या तोंडाशी नेला आणि म्हटलं, "पेज घे, आये. निवते."