क्रेनपुढं आडवा झालेला माणूस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, तू आणि न सांगितलेलं? खरं आहे. आमच्या पानठेल्यावर मी सोडली नाही अशी गोष्ट नाही. माझ्या विहिरीतून मगर निघाली आहे, माझ्या आजोबांच्या बैलजोडीनं मालगाडी ओढली आहे. ही एवढीच गिळली. ती अजून घशातच आहे — आंबलेल्या वरणासारखी.

बसस्टँडमागं, माझ्या घराला लागून, माझा रिकामा प्लॉट आहे. शेजारी विलास राहायचा. मूळचा रोहण्याचा, लग्नांच्या खुर्च्या-पातेली वाहणारा. एक जुना छोटा हत्ती टेम्पो, त्यावरच त्याचं घर चालायचं. त्याच्या गल्लीत गाडी शिरत नव्हती. मीच म्हणालो, "ठेव ना बाप्पा माझ्या प्लॉटवर, जागा काय झिजते का?" लक्षात ठेवा — मीच.

मग एका संध्याकाळी ठेल्यावर मी वाघ काढला. केळझरच्या रस्त्यावर वाघ आडवा, मी मोटारसायकलचा हॉर्न दाबून धरलेला, वाघ कानांवर पंजे ठेवून पळालेला. विलास हसत म्हणाला, "काकाजी, मी मांगं बसून होतो ना. कुत्रं होतं थे. अन् तुमी डोळे मिटले होते."

अख्खा ठेला हसला. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, नाही का? मी शोधलं. सापडलं नाही.

बायकोच्या बाळंतपणासाठी तो रोहण्याला गेला आणि मी नगरपंचायतीत गेलो. तिथल्या बाबूनं नियम सांगितला — खासगी जागेतली गाडी आम्ही आपल्या मनानं उचलत नाही. जागामालकाची तक्रार पाहिजे. मग काचेवर नोटीस, आणि मुदतीत कोणी आलं नाही तर क्रेन. सभ्य नियम होता. सगळा माझ्या शब्दावर उभा.

"गाडी कोणाची, माहीत आहे का?"

"नाही जी. बेवारस आहे."

नोटीस चिकटली. तिच्यासमोरून मी रोज चहाला जायचो. विलासचा नंबर खिशातल्या फोनमध्ये. एक दिवस त्याचाच फोन आला — "काकाजी, पोरगी झाली. गाडी बरी आहे ना?"

"मजेत आहे. तू घाई नको करू."

घाई नको करू! हे माझ्याच जिभेनं म्हटलं. तीच जीभ घेऊन मी जेवतो, देवाचं नाव घेतो — थू.

क्रेन आली तेव्हा मी गच्चीवर शेंगदाणे सोलत होतो. शेवटपर्यंत पाहिलं.

तो परतला, रिकामा प्लॉट पाहून माझ्या दारात उभा राहिला. त्यानं विचारायच्या आधीच मी सुरू झालो. "अरे, मी क्रेनपुढं आडवा झालो. चौघांनी हातपाय धरून उचललं मले. क्रेनवाल्याच्या डोळ्यात पाणी आलं, विचार कोणालेही."

त्यानं कोणालाच विचारलं नाही. ज्याला माझा वाघ कुत्रा दिसला होता, त्यानं हे खरं मानलं. वाकून पाया पडला. आणि मी — पाय मागे घेतले का? नाही. डोक्यावर हात ठेवला.

गाडीचे कागद आधीच्या मालकाच्या नावावर, आणि तो मालक मरून गेलेला. नगरपंचायतीत कोणीतरी विलासला सांगितलं, परवानगी होती असं जागामालक येऊन बोलला तर गाडी सुटेल. तक्रार कोणाची होती, हे त्यानं तिथंही विचारलं नाही. "काकाजी, चला ना संगं." मी गुडघा धरला. बाबूनं मला ओळखलं असतं. गाडी सुटली नाही. आवारात आधी तिची बॅटरी गेली, मग चाकं. आता तिच्यातून बाभूळ वर आली आहे — हे वाढवून सांगत नाही. विलास दुसऱ्याची गाडी चालवतो.

ठेल्यावर ही गोष्ट आता तोच सांगतो. मला सांगावी लागत नाही. एकही माणूस हसत नाही.

परवा त्यानं पोरीला आणलं होतं. शाळेत जाते आता. म्हणाला, "हे थे काकाजी, आपल्या गाडीसाठी क्रेनपुढं झोपलेले." पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "तुम्हाले भेव नाई वाटला?"

मी म्हणालो, "नाई."

आणि तिनं विचारलं नव्हतं तरी, क्रेन किती मोठी होती तेही हात पसरून दाखवलं.