मोडून आणतो

"मोडून आणतो," असं म्हणून ते आपला नमुना उचलायचे. आपण जीव ओतून बनवलेली पहिली वस्तू, आणि हा माणूस कौतुकाचा शब्दही न काढता ती तुटेपर्यंत वापरायला घरी घेऊन जायचा. तुम्हीही चिडला असता.

अंबरनाथला कारखान्यांच्या भागात आमचं इन्क्युबेशन सेंटर आहे. नव्याने धंद्यात पडणाऱ्यांना तिथे मशीन, टेबल आणि सल्ला मिळतो. धंदा उभा राहिला की जागा पुढच्याला द्यायची. सल्ला द्यायला हे साहेब. कंपनीतून निवृत्त झालेले, रोज बदलापूरहून यायचे. मी इथल्याच बुवापाड्याची. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत उरलेले तुकडे आणून बाजाराच्या पिशव्या शिवायचे.

उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमधला एक सिंधी दुकानदार माझ्या पिशव्या ठेवायला तयार झाला. मी नाचतच सेंटरला आले. साहेबांनी पिशवी हातात घेतली. "मोडून आणतो."

आठवड्याभरात सेंटरच्या दारातच साहेब शेअर रिक्षातून उतरत असताना पिशवीचा बंद तुटला. कांदे रस्ताभर झाले. साहेब कांदे गोळा करत होते आणि चेहरा असा, जणू घरात लग्न ठरलंय.

"तुटली, ताई! माझ्या हातात तुटली ते बरं झालं. गिऱ्हाईक सांगायला येत नाही, फक्त परत येत नाही."

"साहेब, दुकान हातचं जाईल माझं!"

"चला, मी येतो सोबत."

आणि त्यांनी तो तुटका बंद सरळ दुकानदारापुढे ठेवला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दुकानदार मात्र हसला. "अपना माल खराब बोलनेवाला पहला आदमी देखा. ठीक है, दिवाली तक रुकता हूँ."

दुसरी पिशवीही तुटली. तिसरीला मी बंद दुहेरी केला, तो पार तळापर्यंत नेऊन शिवला. साहेबांनी ती नेली आणि मग ते यायचेच थांबले. आजारी आहेत एवढं कळलं. फोन केला तर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "अजून तुटली नाही. थांबा."

दिवाळी तोंडावर आली. दुकानदाराचे फोन सुरू झाले. मी थांबले. आणि एका सकाळी सेंटरमधून साहेब गेल्याचा निरोप आला.

बदलापूरला साहेबांच्या पत्नीला, काकूंना भेटायला गेले, तर पिशवी दारामागच्या खुंटीला होती. काकू म्हणाल्या, "दवाखान्यात दर खेपेला हीच नेली. थर्मास, चादरी, फळं, सगळं हिच्यात. शेवटी मला म्हणाले, ताईंना सांग, दुकानात माल लावा."

मी उठले आणि तो बंद दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढला. तुटली की साहेब ती घेऊन सेंटरला यायचे; माझी पिशवी तुटावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

बंद तुटला नाही. काकूंनी हळूच माझ्या हातातून पिशवी सोडवली आणि पुन्हा खुंटीला लावली.