चिवड्याचा डबा

आज इथे परदेशात, श्रूजबरीच्या घरात चिवड्याला फोडणी दिली आणि तळलेल्या खोबऱ्याच्या वासाने मी बारा वर्षं मागे गेले.

तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती आणि मला उगाचच रडू यायचं. डॉक्टरांनी काउन्सेलरकडे पाठवलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी चिवडा नेला. "सॉरी, आम्ही गिफ्ट घेत नाही," त्या बाई हसून म्हणाल्या. मी पुन्हा त्यांच्याकडे गेलेच नाही.

मग मिळालेल्या दुसऱ्या काउन्सेलर अनघाताई मराठी, पण या देशातच वाढलेल्या. त्यांच्यापुढेही मी चिवडा ठेवला, तर त्यांनी डबा उघडला आणि पेपर प्लेटमध्ये थोडा चिवडा घालून माझ्यापुढेच सरकवला.

"मी एकटी नाही खाणार हं. तू आज काय खाल्लंस?"

मुलीच्या दुधाच्या वेळा, नवऱ्याच्या डब्यातली भाजी, सगळं आठवत होतं. माझं जेवण आठवेना. घास तोंडातच राहिला आणि मी हमसून हमसून रडले.

निघताना त्यांनी उरलेला चिवडा काढून घेतला आणि रिकाम्या डब्यात कॉफीच्या टेबलावरची साखरेची पुडी टाकली. "रिकामा परत द्यायचा नसतो ना? आई सांगते."

तेव्हा वाटलं, बाई किती रीतीची! आता कळतं, मी जिथे तिथे डबा पुढे करायचे, म्हणजे त्यामागची मी कोणाला दिसायचे नाही. त्यांना मात्र दिसले.