ज्यांनी मला जिना उतरवला

त्या दुपारी मी देवाशी भांडत होते, आणि तेही जिन्यात बसून. एक पाय प्लास्टरमध्ये, अंगाला घामाच्या धारा, आणि नंदनवन वस्तीतल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत चिटपाखरू नाही. मे महिना, सगळे आपापल्या गावी गेलेले. तिसऱ्या मजल्यावरून बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत मी निघाले होते आणि अर्ध्या मजल्यावरच माझी गाडी अडली. खाली जाववेना, वर चढवेना, मोबाईल घाईत वर पलंगावरच राहिलेला. जन्मभर नर्सची नोकरी केली, किती रोग्यांना उठवलं-बसवलं त्याची गणती नाही, आणि शेवटी माझीच ही फजिती!

पण निघणं भागच होतं. माझी धाकटी बहीण खापरखेड्याला शेवटच्या घटका मोजत होती. आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, ते सकाळपासून तुमचंच नाव घेऊन राहिली. मले भेव लागते, ताईले बोलवा, एवढंच म्हणते. पण तुमचा पाय तं असा." मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला. चर्चच्या मंडळीतल्या कुणालाही हाक मारली असती तर धावत आलं असतं. पण पाय मोडल्या दिवसापासून पाळकसाहेबांना मी एकच सांगत आले होते, मी ठणठणीत आहे, कुणाला पाठवू नका. दुसऱ्यासाठी गुडघे टेकायला मी सदा तयार. माझ्यासाठी कुणी टेकलेले मला खपत नाहीत. स्वभाव, दुसरं काय.

उन्हाने म्हणा की रडण्याने म्हणा, माझ्या डोळ्यांवर झापड आली. जिन्याच्या जाळीतून येणारा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत होता. लहानपणी आम्ही दोघी एका बाजेवर झोपायचो. तिला अंधाराची भीती, म्हणून झोप लागेपर्यंत ती माझा हात सोडायची नाही. तो लहानसा, ओलसर हात मला त्या जिन्यात अगदी खरा जाणवत होता. "प्रभू, माझ्यात आता विश्वास-बिश्वास काही उरला नाही. तूच बघ," असं मी मोठ्याने म्हणाले. याला प्रार्थना म्हणावं की नाही, मला माहीत नाही.

मग वास आला, ओल्या वाळ्याचा. कूलर सुरू केल्यावर पहिल्यांदा जो गारवा नाकाशी येतो, अगदी तसा. मला वाटलं, स्वप्नच पडतंय. डोळे उघडले तर समोर चार माणसं, खांद्यांवर जाड दोर, एकाच्या डोक्यावर वाळ्याच्या ताट्या.

"मावशी, अशा काहून बसल्या जी इथं?"

तिसऱ्या मजल्यावर एक भला थोरला लोखंडी कूलर चढवायचा होता, तो खाली टेम्पोत ठेवून ते जागा बघायला आले होते. तिसऱ्या मजल्यावर तर मीच राहते, आणि मी कूलर मागवला नव्हता. त्यांची गल्ली चुकली होती. मी तसं सांगितलं, तेव्हा ते निघूनच जाणार होते. पण सांगता सांगता बहीण शेवटच्या घटका मोजतेय, हेही तोंडातून निघालं आणि मला हुंदका फुटला.

त्यांच्यातल्या वयस्क माणसाने दोर खाली टाकला. "बापा! मंग तं घाई आहे. एवढा मोठा कूलर जिन्यानं जाते, तं मावशी का जड आहे का?"

"जड आहे रे बाबा," मी म्हणाले. ते हसले, आणि मलाही रडता रडता हसू आलं.

त्यांनी माझी लाकडी खुर्ची आणली, पर्स आणि मोबाईल आणला, दाराला कुलूप घातलं. मला खुर्चीत बसवून कूलरला बांधतात तसंच दोराने बांधलं. दोर रुतू नये म्हणून मध्ये कुणाचा तरी दुपट्टा घातला. दोघे पुढे, दोघे मागे. "धर, सोड, भिंत आहे, हळू!" पहिल्याच वळणावर मी घाबरून कठडा पकडला आणि खुर्ची कलली. "मावशी, हात सोडा," मागचा म्हणाला. "तुम्ही धरता, तं आम्हाले तोल भेटत नाही."

मी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. किती तरी वर्षं मी संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या त्या पक्षघाती माणसाची गोष्ट मुलांना सांगत आले आहे. चौघे जण त्याला बाजेसकट घेऊन येतात, गर्दीमुळे दार मिळत नाही, मग छप्पर उघडून त्याला प्रभूपुढे खाली सोडतात. मी नेहमी त्या चौघांचंच कौतुक केलं. बाजेवरच्या माणसाला काय वाटलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. आता कळत होतं. त्याला काही करायचंच नव्हतं. प्रभूने विश्वास पाहिला तो वाहून आणणाऱ्यांचा, असं शास्त्र सांगतं. त्याच्या स्वतःच्या विश्वासाची तिथे चौकशीही झाली नाही. वाळ्याच्या त्या वासात, तरंगत तरंगत मी खाली जात होते, आणि जिना कधीच संपू नये असं क्षणभर वाटून गेलं.

एकाने कोपऱ्यावरून ऑटो आणला. मला आत बसवून ते पळाले, कारण शेजारच्या गल्लीत कुणीतरी त्या उन्हात कूलरची वाट बघत ताटकळलं होतं. त्यांची नावं विचारायचं राहूनच गेलं.

खापरखेड्याला पॉवर स्टेशनच्या चिमण्या उन्हात थरथरताना दिसल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ऑटोवाल्याने आणि बहिणीच्या नवऱ्याने मला उचलून तिच्या पलंगाशी नेलं. तिने डोळे उघडले आणि माझा हात घट्ट धरला.

"कशी आली वं ताई? जिना?"

"चौघांनी उचलून आणलं वं. कोण होते, मले नाही माहीत. मी काहीच नाही केलं, नुसते हात सोडले."

तिचा चेहरा हळूहळू निवळत गेला.

"मंग मलेही न्यायले येईन कोणी," ती म्हणाली. आणि लहानपणापासून पहिल्यांदाच, तिने आपणहून माझा हात सोडला.

ऊन उतरता उतरता ती गेली. तिला बरं कर म्हणून मी महिनोन्‌महिने प्रार्थना केली होती. ते झालं नाही, आणि त्याचं दुःख आजही आहे. पण जाताना ती भ्यायली नाही. तो धीर मला माझ्या बळावर कधीच तिच्यापर्यंत नेता आला नसता. त्याबद्दल प्रभूचे उपकार मी रोज मानते, आणि त्या चौघांचेही.